ब्राउझरला विचारलेला प्रश्न आणि त्याचे परत येणारे उत्तर



गेल्या काही वर्षांत शाळांचे बरेचसे कागद संगणकावर आले आहेत. प्रवेश अर्ज, शुल्काची पावती, निकालपत्रक, माजी विद्यार्थी मेळाव्याची नावनोंदणी अशी कामे आता अनेक ठिकाणी संकेतस्थळावरून होतात. अशा संकेतस्थळामागे काय घडते याविषयी संगणकाच्या तासाला मुले खूप प्रश्न विचारतात. त्यांतला एक प्रश्न वारंवार येतो: “ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये आम्ही ‘रिटर्न’ लिहिले. मग ते उत्तर सर्व्हरवरच्या आज्ञावलीला लगेच का मिळत नाही?”

प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्या पोटात इंटरनेटच्या रचनेचे मर्म आहे. शिवाय तो पुढे शाळेच्या पैशांशी आणि मुलांच्या माहितीशीही जाऊन भिडतो. म्हणून या अंकात आम्ही तो सविस्तर मांडत आहोत. तांत्रिक भाग मुलांसाठी आहे. शेवटचे दोन भाग पालकांनी आणि विश्वस्तांनी आवर्जून वाचावेत.

एक काम, दोन संगणक

आपण संकेतस्थळ उघडतो तेव्हा दोन संगणक कामाला लागतात. एक आपल्या हातातला, म्हणजे मोबाईल किंवा घरचा संगणक. त्यावर ब्राउझर असतो. दुसरा दूर कुठेतरी ठेवलेला सर्व्हर. माहितीचा साठा आणि नियम त्याच्याकडे असतात.

ब्राउझरमध्ये चालणारी भाषा म्हणजे जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आईक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत ती तयार केली. सर्व्हरवर मात्र जावा, सी-शार्प, पायथन, पीएचपी अशी कोणतीही भाषा असू शकते.

काही संकेतस्थळांत बहुतेक सगळे काम ब्राउझरच करतो. काहींत उलट असते. पडद्यावर कोणते बटण दिसावे, ते दाबल्यावर काय व्हावे, हे सर्व्हर ठरवतो आणि ब्राउझर सांगितल्याप्रमाणे चित्र काढतो. या दुसऱ्या प्रकाराला आपण ‘सर्व्हरच्या हुकमाने चालणारे संकेतस्थळ’ म्हणू. फिनलंडमध्ये तयार झालेली वादिन आणि मायक्रोसॉफ्टची ब्लेझर सर्व्हर ही अशी संकेतस्थळे बांधण्याची प्रसिद्ध साधने आहेत. वादिन हा फिनिश शब्द असून त्याचा अर्थ रेनडिअरची मादी असा होतो.

या पद्धतीत कार्यक्रम लिहिणाऱ्याला एकाच भाषेत सगळे लिहिता येते. पण काही गोष्टी अशा असतात, की त्या फक्त ब्राउझरलाच ठाऊक असतात. पडद्याची रुंदी किती आहे, वापरणाऱ्याचे घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर लावले आहे, त्याने मजकुराचा कोणता भाग निवडला आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. ते ब्राउझरला विचारावेच लागते. खरी गंमत तिथून सुरू होते.

शिपाई आणि चिठ्ठी

मुख्याध्यापक कार्यालयात बसले आहेत असे समजा. त्यांना सातवीच्या वर्गात आज किती मुले हजर आहेत ते हवे आहे. ते चिठ्ठी लिहितात आणि टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवतात. शाळेचा रिवाज असा, की मुख्याध्यापकांचे हातातले काम संपले की ते घंटी वाजवतात, मग शिपाई येतो, ट्रेमधल्या सगळ्या चिठ्ठ्या एकदम उचलतो आणि वर्गावर्गांत पोचवतो. वर्गशिक्षक मुले मोजतात आणि उत्तर लिहून देतात. शिपाई ते परत आणतो.

आता मुख्याध्यापकांनी ठरवले की, “हजेरीचा आकडा येईपर्यंत मी हातातले काम संपवणार नाही.” मग काय होईल? काम संपत नाही म्हणून घंटी वाजत नाही. घंटी वाजत नाही म्हणून शिपाई येत नाही. चिठ्ठी ट्रेमध्येच राहते आणि उत्तर कधीच येत नाही. मुख्याध्यापक शिपायाची वाट पाहत बसले आहेत आणि शिपाई घंटीची.

संगणकशास्त्रात या स्थितीला डेडलॉक म्हणतात. आपण तिला ‘कोंडी’ म्हणू. सर्व्हरवरची आज्ञावली ब्राउझरच्या उत्तरासाठी जागच्या जागी थांबली, तर नेमके हेच घडू शकते. कारण सर्व्हर ब्राउझरला द्यायच्या सूचना एकत्र करून हातातले काम संपल्यावर पाठवतो. ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालायला तोपर्यंत सुरुवातही झालेली नसते.

एकाच आज्ञावलीत एक फलन दुसऱ्याला बोलावते तेव्हा ‘रिटर्न’ने उत्तर लगेच मिळते, कारण दोघे एकाच खोलीत बसलेले असतात. इथे दोघांमध्ये कधी गावाचे, कधी समुद्राचे अंतर आहे. चिठ्ठी जाणार, वाचली जाणार, उत्तर लिहिले जाणार आणि परत येणार. या फेरीला लागणारा वेळ कुणालाही शून्य करता येत नाही.

मग मार्ग कोणता?

मार्ग सोपा आहे. मुख्याध्यापकांनी चिठ्ठीबरोबर एक टिपण करून ठेवायचे: “सातवीचा आकडा आला की तो हजेरीपटात लिहावा.” मग घंटी वाजवून दुसऱ्या कामाला लागायचे. उत्तर येईल तेव्हा ते टिपण पाहून पुढचे काम होईल.

संगणकाच्या भाषेत या टिपणाला कॉलबॅक म्हणतात, आणि ‘उत्तर पुढे मिळेल’ या हमीला प्रॉमिस किंवा फ्यूचर म्हणतात. उत्तर हातात आलेले नाही, पण त्याची पावती आली आहे, असे समजावे.

वादिनमध्ये ‘एक्झिक्यूट-जेएस’ नावाची सोय आहे. तिला जावास्क्रिप्टचा तुकडा दिला, की ती लगेच एक वस्तू परत देते. मुले इथेच फसतात. ती वस्तू म्हणजे उत्तर नव्हे, ती उत्तराची पावती आहे. त्या पावतीला ‘देन’ जोडून आपण सांगायचे, की उत्तर मजकूर असेल की संख्या, आणि ते आल्यावर काय करायचे. उत्तर पुढच्या फेरीत सर्व्हरवर पोचते आणि आपण सांगितलेले काम तेव्हा होते. ब्राउझरमधल्या स्क्रिप्टने स्वतःच एखादे प्रॉमिस परत केले, तर ते पूर्ण होईपर्यंत वादिन थांबते आणि मग खरे उत्तर पाठवते. पावतीवर ‘गेट’ म्हणून अडून बसले तर वर सांगितलेली कोंडी होते. ती ओळखून चूक दाखवण्याची सोय वादिनमध्ये केलेली आहे.

ब्लेझर सर्व्हरमध्ये मांडणी थोडी वेगळी आहे. तिथे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत चालू असलेली जोडणी असते. ‘इन्व्होक-असिंक’ने ब्राउझरमधले फलन बोलवायचे आणि पुढे ‘अवेट’ लिहायचे. वाचताना वाटते, की आज्ञावली त्या ओळीवर थांबली. प्रत्यक्षात ती आपली जागा मोकळी करते, सर्व्हर इतर कामे करत राहतो आणि उत्तर आले की त्याच ओळीपासून पुढे सुरू होते. म्हणजे ‘अवेट’ हेही टिपणच आहे, फक्त लिहिण्याची रीत सरळ आहे.

जुन्या काळी काय करीत?

ही सोय पहिल्यापासून नव्हती. २००२ साली मायक्रोसॉफ्टचे एएसपी डॉट नेट आले, तेव्हाची नेहमीची रीत अशी होती: पानावर एक अदृश्य रकाना ठेवायचा, स्क्रिप्टने त्यात उत्तर लिहायचे आणि सगळा अर्ज सर्व्हरकडे परत पाठवायचा. पान पुन्हा पांढरे होऊन नव्याने दिसायचे.

पान न बदलता मागच्या मागे निरोप पाठवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ साली इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये आणली होती. पण तिचा बोलबाला झाला तो २००५ साली, जेव्हा जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले. पुढे डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचे प्रमाण प्रसिद्ध झाले आणि दोन्ही बाजूंनी केव्हाही बोलता येईल अशी कायमची जोडणी शक्य झाली. रस्ता सुधारला, वाहन वेगवान झाले. तरी चिठ्ठी जाऊन उत्तर येण्याची फेरी आजही चुकलेली नाही.

एक खरे उदाहरण: मेळाव्याची वेळ

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ऑनलाईन मेळावा रविवारी सकाळी १० वाजता आहे असे समजा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याच्या पडद्यावर कोणती वेळ दाखवायची?

तिथे मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे घेतात. मेळावा जुलैत असेल, तर आपले सकाळचे १० म्हणजे तिथले मध्यरात्रीनंतरचे १२.३०, वार रविवारच. मेळावा जानेवारीत असेल, तर तिथे शनिवारी रात्रीचे ११.३० वाजलेले असतील. म्हणजे तासच नव्हे, तारीख आणि वारही बदलतो!

पडद्यावरचा मजकूर सर्व्हर लिहितो, म्हणून त्याला वापरणाऱ्याची कालपट्टी कळायला हवी. ब्राउझर ती पहिल्या पत्रात कळवत नाही. म्हणून विचारावे लागते. दोन तऱ्हांनी विचारता येते. पहिली तऱ्हा म्हणजे जागतिक वेळेपासूनचा फरक मिनिटांत मागणे. भारतात याचे उत्तर उणे ३३० येते. आपण साडेपाच तास पुढे असूनही उणे का? कारण जावास्क्रिप्ट ‘स्थानिक वेळेत किती मिनिटे मिळवली की जागतिक वेळ येईल’ ते सांगते.

पण हा आकडा पुरेसा नाही. जुलैत विचारलेला अमेरिकेचा फरक जानेवारीच्या मेळाव्याला लागू पडत नाही. म्हणून दुसरी तऱ्हा चांगली: कालपट्टीचे नाव विचारणे. भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ असे उत्तर येते. काही ब्राउझर जुने ‘एशिया/कलकत्ता’ हे नाव देतात. आज्ञावलीने दोन्ही नावे स्वीकारली पाहिजेत.

मात्र विचारण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. उत्तर आधीच आपल्याकडे आलेले नाही ना? आपल्या सीमाभागात कुणाचा मोबाईल मराठीत असतो, कुणाचा कानडीत, कुणाचा इंग्रजीत. वापरणाऱ्याला कोणती भाषा आवडते हे ब्राउझर प्रत्येक मागणीच्या मथळ्यात स्वतःहून कळवतो. त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट पाठवणे म्हणजे टेबलावर पडलेला हजेरीपट न पाहता शिपायाला वर्गात धाडण्यासारखे आहे.

चिठ्ठीत काय मावते?

उत्तर प्रवास करून येते, म्हणून ते लिहिता येईल असेच असावे लागते. बहुतेक ठिकाणी ते जेसन नावाच्या मांडणीत लिहितात. तीत मजकूर, संख्या, खरे-खोटे, रिकामे मूल्य, यादी आणि नावानिशी मांडलेली माहिती बसते. पडद्यावरचे बटण किंवा एखादे फलन तसेच्या तसे पाठवता येत नाही. वर्गातला फळा चिठ्ठीत घालता येत नाही, फळ्यावरचा मजकूर घालता येतो.

संख्यांबाबत सावध राहावे. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने अचूक ठेवते. त्यापुढे शेवटचा अंक बदलू शकतो. काही बँकांचे खाते क्रमांक याहून लांब असतात आणि काहींची सुरुवात शून्याने होते. ते संख्या म्हणून पाठवले तर अंक बिघडेल किंवा पुढचे शून्य गळेल. शिष्यवृत्तीची रक्कम चुकीच्या खात्याकडे निघायला एवढे पुरेसे आहे. म्हणून खाते क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, नोंदणी क्रमांक नेहमी मजकूर म्हणूनच पाठवावेत. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ती संख्या नव्हे, हा नियम लक्षात ठेवावा.

आकारालाही मर्यादा असते. ब्लेझर सर्व्हरमध्ये ब्राउझरकडून येणारा एक निरोप मुळात ३२ किलोबाईटपर्यंतच स्वीकारला जातो. मोठे छायाचित्र असे पाठवू गेल्यास जोडणीच तुटते. त्यासाठी तुकड्या-तुकड्यांनी पाठवण्याची वेगळी सोय आहे.

उत्तर आलेच नाही तर?

शिपाई वाटेत अडकू शकतो. वर्ग सहलीला गेलेला असू शकतो. तसेच इथेही. पालकाने मधेच पान बंद केले, बस बोगद्यात शिरून नेटवर्क गेले, स्क्रिप्टमध्ये चूक निघाली, किंवा ‘तुमचे ठिकाण कळवू का?’ या ब्राउझरच्या प्रश्नाला वापरणाऱ्याने नकार दिला, तर अपेक्षित उत्तर येणार नाही.

म्हणून चांगल्या आज्ञावलीत तीन वाटा आखलेल्या असतात: उत्तर आले तर काय, चूक कळवली गेली तर काय आणि काहीच आले नाही तर काय. ब्लेझर सर्व्हर अशा उत्तरासाठी मुळात १ मिनिट वाट पाहते आणि मग प्रयत्न रद्द करते. तोवर वापरणाऱ्यासमोर नुसते फिरणारे चक्र ठेवू नये. कालपट्टी कळली नाही तर भारतीय वेळ दाखवावी आणि शेजारी ‘भारतीय वेळेनुसार’ असे स्पष्ट लिहावे. काम अडता कामा नये.

आणखी एक चूक नेहमी दिसते. पान पडद्यावर उमटण्यापूर्वीच स्क्रिप्टकडून उत्तर मागितले जाते. वर्ग भरण्याआधी हजेरी कशी मिळणार? पान उमटल्यानंतरच विचारावे.

त्या उत्तरावर विश्वास किती ठेवावा?

हा भाग पालकांनी आणि विश्वस्तांनी नीट वाचावा.

ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असतो. त्यातली स्क्रिप्ट त्याला वाचता येते, बदलता येते, थांबवता येते. संगणकावर एफ-१२ कळ दाबली, की बहुतेक ब्राउझरमध्ये त्यासाठीची अवजारे समोर येतात. तेव्हा ब्राउझरकडून आलेले उत्तर म्हणजे ‘वापरणाऱ्याने सांगितलेली गोष्ट’ एवढेच मानावे. ती पुरावा नव्हे.

समजा, प्रवेश अर्जात सवलत वजा करून शुल्क किती होते हे स्क्रिप्टने काढले आणि सर्व्हरने तो आकडा तसाच पावतीवर छापला. जाणकार माणूस १२,००० चे १२ करू शकेल. अर्जाची शेवटची तारीख उलटली की नाही हे ब्राउझरच्या घड्याळावरून ठरवले, तर मोबाईलची तारीख मागे करून कुणीही अर्ज भरू शकेल. त्यात प्रामाणिकपणे वेळेत आलेल्या पालकाच्या मुलाची जागा जाईल.

यावर नियम एकच. जे फक्त ब्राउझरलाच ठाऊक आहे, तेवढेच त्याला विचारावे: पडद्याची रुंदी, कालपट्टी, निवडलेला मजकूर. पैसे, गुण, वय, मुदत आणि अधिकार यांचा हिशोब सर्व्हरने स्वतःच्या नोंदींवरून आणि स्वतःच्या घड्याळावरून करावा. ब्राउझरमध्ये तीच तपासणी केली तर हरकत नाही, वापरणाऱ्याला चूक लवकर कळते. पण निर्णय तिथला नसावा.

उलट दिशेनेही काळजी हवी. वापरणाऱ्याने टंकलेला मजकूर स्क्रिप्टच्या ओळीत तसाच जोडून पाठवू नये, नाहीतर त्या मजकुरात दडवलेली आज्ञाही चालून जाईल. वादिनमध्ये अशी मूल्ये वेगळी देऊन स्क्रिप्टमध्ये फक्त त्यांच्या क्रमांकाच्या खुणा ठेवता येतात. तीच रीत पाळावी.

शेवटी, विचारता येते म्हणून सगळे विचारावे असे नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला मूल मानले आहे आणि मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व घातले आहे. निकाल पाहायला आलेल्या मुलाचे ठिकाण विचारण्याचे कारणच काय? गरज नसलेला प्रश्न न विचारणे हीच त्या माहितीची सर्वांत चांगली राखण.

मुलांना गृहपाठ, विश्वस्तांना प्रश्नावली

नववी-दहावीच्या मुलांनी दोन प्रयोग करावेत. त्यासाठीच्या नेमक्या ओळी संगणक कक्षातील फलकावर लावल्या आहेत. पहिला: तीन सेकंदांनी उत्तर देणारे प्रॉमिस लिहा आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘मी पुढे गेलो’ असे छापा. आधी काय छापले जाते ते पाहा आणि का, ते वहीत लिहा. दुसरा: स्वतःच्या सरावाच्या पानावर शुल्काचा अदृश्य रकाना ठेवा आणि एफ-१२ वापरून तो बदला. हा प्रयोग स्वतःच्या पानावरच करावा. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर असे करणे हा खोडसाळपणाच नव्हे, तर गुन्हाही ठरू शकतो.

शाळेसाठी संकेतस्थळ करून देणाऱ्या कोणत्याही संस्थेला विश्वस्तांनी पाच प्रश्न विचारावेत:

१. शुल्क, वय आणि मुदत यांचा निर्णय ब्राउझर करतो की सर्व्हर?
२. नेटवर्क मधेच गेले तर भरलेल्या अर्जाचे काय होते?
३. ब्राउझरकडून उत्तर आले नाही तर पडद्यावर काय दिसते?
४. खाते क्रमांक संख्या म्हणून साठवता की मजकूर म्हणून?
५. मुलांची कोणती माहिती विचारता आणि ती का लागते?

या प्रश्नांची उत्तरे समजून घ्यायला आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही. चिठ्ठी, शिपाई आणि घंटी यांची गोष्ट ध्यानात असली तरी पुरे. उत्तरे सरळ मिळाली तर काम योग्य हातांत आहे असे समजावे. न मिळाली तर सही करण्याची घाई करू नये.

— संगणक विभाग